काविळीचा हिवाळा

शांघाय,
२३ जानेवारी १९८८

प्रिय ताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत, तुम्हीही असाल. देशाच्या दुसऱ्या टोकाला, तुमच्या आक्सूत, बर्फ पडलं असेल. इथं बर्फ नाही, पण नदीवरून येणारा ओला गारठा हाडांत शिरून बसतो, तो तुला आठवत असेलच. तू पाठवलेल्या मनुका पोचल्या. आईनं डबा कपाटावर पार मागं सारून ठेवला आणि बाओकांगला ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाली, "मनुका पोरीसाठी आहेत. सुबेइच्या जावयानं झाकण उघडलं तर मला कळतं." बाओकांग नुसता हसला. आमच्या लग्नाला आठ वर्षं झाली, धक्क्यावर त्याच्या हाताखाली डझनभर माणसं आहेत, तरी आईच्या लेखी नवरा माझा नदीच्या उत्तरेकडचा गावंढळच.

शाशा मजेत आहे. गणितात वर्गात दुसरी आली. शिकायला म्हणून इकडं आमच्याकडं धाडलेली तुझी लेक आता शांघायची बोली अशी फाडफाड बोलते की बाजारातल्या बाईला वाटतं ही इथंच जन्मली. चिडली की मात्र तिकडचे शब्द तोंडात येतात. परवा आईशी भांडताना काहीतरी पुटपुटली. आई म्हणाली, "वाळवंटातलं पिल्लू! शिवी दिलीस का मला?" तर ही म्हणे, "नाही आजी. अडून बसलेल्या गाढवाला चल म्हणतात, तेवढंच म्हटलं." आई दिवसभर ते शेजारणींना सांगत हिंडली.

तिच्या वाढदिवसाला आईनं केसाळ शिंपल्या आणल्या होत्या. यंदा त्या इतक्या आल्या की विचारू नकोस. नदीच्या मुखापलीकडून होड्याच्या होड्या भरून येत होत्या, रस्त्याच्या कडेला ढीग, आणि कोबीच्या भावात. आईनं नेहमीसारखं उकळतं पाणी वरून ओतलं आणि लगेच निथळून टाकलं. आतलं रक्त लाल राहिलं पाहिजे, नाहीतर चव गेली म्हणते. शाशा नाण्यानं शिंपली उघडायला कधी शिकली कोण जाणे. आलं घातलेल्या व्हिनेगरात बुडवायची आणि तोंडात टाकायची. बाओकांगनं नेहमीप्रमाणं हात लावला नाही. आई म्हणाली, "तुम्ही लोक मासा उकळून चामडं करून खाता. तुम्हांला काय कळणार!"

हे सगळं मी का लिहितेय? गल्लीत कावीळ आली आहे, ताई. आणि लोक म्हणतात, ती शिंपल्यांतून आली.

आधी तळमजल्यावरच्या पांगकाकूंचा मुलगा पिवळा पडला, मग समोरच्या घरातले तिघं एकदम. गेल्या आठवड्यात कुणी आजारी पडलं की नाव कळायचं. आता लोक नावंसुद्धा विचारत नाहीत. औषधाच्या दुकानांपुढं पहाटेपासून रांगा लागतात. बसमध्ये कुणी दांडी धरत नाही, सगळे हातमोजे घालून एकमेकांपासून अंग चोरून उभे. आमच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत जी ती आपला डबा घेऊन वेगळ्या कोपऱ्यात बसते. सकाळी स्वयंपाकघरात चारही बिऱ्हाडांची माणसं आधी खिडकीशी आरसा धरून स्वतःचे डोळे बघतात, मग शेगड्या पेटवतात. मीही बघते.  दुसरा आरसा खाली कसा ठेवतो याकडं जो तो लक्ष देऊन असतो.

आम्ही अगदी थोड्याच खाल्ल्या होत्या. तू काळजी करू नकोस.

शाशा दोन दिवस नीट जेवत नाही. भाताचा वास आला की तोंड फिरवते. थंडीमुळं असेल. शाळेला सुट्टी आहे, त्यामुळं पांघरुणातच आहे.

आई सांगते, पोरीची चिंता सोड आणि स्वतःच्या गुडघ्यांना ऊब दे.

तुझी,
पेइफन


शांघाय,
६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र काल आलं. माझं मागचं पत्र पोचायच्या आत तू ते टाकलेलं दिसतं, कारण त्यात शाशाला फेब्रुवारीतल्या नव्या वर्षाला लाल जाकीट शिवा असं लिहिलं आहेस. तुला अजून काहीच ठाऊक नाही हे वाचून मला आधी बरं वाटलं. मग लाज वाटली.

ताई, बसून वाच. शाशाला कावीळ झाली आहे. ती बरी होते आहे, हे आधी वाच आणि मग पुढचं.

मागचं पत्र पेटीत टाकून मी घरी आले तर ती ओकत होती. लघवी काळ्या चहासारखी. मी तिला खिडकीशी नेलं, पापणी वर केली, तर डोळा पिवळा. तिला कळू नये म्हणून मी म्हटलं, "काही नाही, डोळ्यांत कचरा गेलाय." तर म्हणाली, "मावशी, आरशात मी सकाळीच बघितलं. आजीला कळू नये म्हणून गप्प बसले."

दवाखान्यापुढं काय गर्दी होती म्हणून सांगू. लोक घरून घडीच्या खाटा घेऊन आले होते. जिन्यात, व्हरांड्यात, बाहेर सायकली लावायच्या जागेत खाटा मांडून त्यावर पिवळी माणसं. डॉक्टरीणबाईंचे ओठ फुटले होते. त्यांनी शाशाकडं बघितलं आणि चिठ्ठीवर एका शाळेचं नाव लिहून दिलं. ती तिचीच शाळा निघाली. सुट्टीत वर्गांमधले बाक जोडून त्यांच्या खाटा केल्यात. शाशा तिसऱ्या मजल्यावर आहे, तिच्याच वर्गात.

आत सोडत नाहीत. फाटकाशी टोपली द्यायची, ती आत जाते, रिकामी परत येते आणि तिच्यावर ब्लीचिंग पावडरचं पाणी मारतात. मग मी रस्ता ओलांडून पलीकडं उभी राहते आणि ती खिडकीशी येते. पहिल्या दिवशी ओरडून म्हणाली, "मावशी, मी फळ्याखाली निजते! बाईंनी खडू लपवून ठेवलेत!" मी हसले. कोपऱ्यावर वळेपर्यंत हसतच राहिले आणि तिथं एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले.

तिला रोज सलाइन देतात, साखरेचं पाणी देतात, कसला तरी कडू काढा देतात. डॉक्टर म्हणतात, मुलं लवकर सावरतात. मोठ्यांचं जड जातं. परवा मी फाटकाशी असताना पहिल्या मजल्यावरून एका बाईला चादरीनं डोकं झाकून खाली आणलं. फाटकाशी उभे असलेले आम्ही सगळे दोन पावलं मागं सरलो. कुणी रडलं नाही, कुणी कोण म्हणून विचारलं नाही. मी वर बघितलं. शाशाच्या खिडकीत त्या वेळी कुणी नव्हतं.

घरी तर विचारू नकोस. पांगकाकूंचा मुलगा आजारी पडला तेव्हा आईनं आपली शेगडी त्यांच्या शेगडीपासून लांब सरकवली होती. आता शाशाला नेल्यावर पांगकाकू दारात येऊन म्हणाल्या, "काय शेनआजी, आता मी कुठं सरकवू? गच्चीवर?" आईकडं एरवी प्रत्येक बोलण्याला उत्तर असतं. त्या दिवशी तिनं नुसतं दार लोटून घेतलं. आमच्या नळाला कुणी हात लावत नाही. मी जिन्यातून उतरताना वरची माणसं आपल्या मजल्यावर थांबून राहतात. कारखान्यानं मला घरीच बसायला सांगितलं आहे.

बाओकांग सांगत होता, आपल्या धक्क्यावरून सुटलेल्या बोटीतल्या माणसांना कुठल्याशा बंदरात उतरू देईनात म्हणे. शांघायचा माणूस म्हटलं की हॉटेलवाले खोली देत नाहीत, शांघायहून आलेली खोकी लोक काठीनं ढकलतात. तो म्हणाला, "साऱ्या जगाची जहाजं आपण दारात बांधून घेतो. आणि आता आपल्याला कुणी दारात उभं करत नाही."

म्हणून सांगते, येऊ नकोस. आठ-दहा दिवसांचा प्रवास करून तू येशील आणि त्या फाटकाशीच उभी राहशील. परत गेलीस की तुमची माणसं तुला आणि भाऊजींना महिनाभर वेगळं ठेवतील. इथं मी आहे. रोज दोनदा जाते.

आईनं तुला वेगळं लिहिलं नाही, तिच्या चष्म्याची काडी तुटली आहे. जरा दमते. दुपारची निजते हल्ली.

तुझी,
पेइफन


शांघाय,
१९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझी तार मिळाली. मी लगेच उलट तार केली, हे पत्र तिच्या मागून. येऊ नकोस. शाशा आता पेज खाते, डोळे निवळत आले आहेत. कालच तिनं अंडं मागितलं.

आई म्हणते, येऊ नकोस.

नव्या वर्षाचं आम्ही काही केलं नाही. शहरात फटाके मात्र दरवर्षीपेक्षा जास्त वाजले. आवाजानं रोग पळतो असं लोक म्हणत होते. आमच्या गल्लीत धूर इतका कोंडला की समोरचं दार दिसेना. मी खिडकी लावून बसले होते.

कामं पडली आहेत. जास्त लिहीत नाही.

पेइफन


शांघाय,
२० मार्च

ताई,

आज तब्येत विचारून सुरुवात करत नाही. आधी चांगलं सांगते. शाशा गेल्या सोमवारी घरी आली. वाळून काडी झाली आहे, पण डोळे पांढरे स्वच्छ आहेत. या क्षणी पलंगावर बसून मनुका खाते आहे आणि मला म्हणते आहे, "मावशी, लिही. आता लिहीच."

आई गेली, ताई.

चौदा फेब्रुवारीला गेली, नवं वर्ष लागायच्या आत. तुला मी 'आई म्हणते, येऊ नकोस' असं लिहिलं तेव्हा आई नव्हती. ते वाक्य मी टेबलाशी बसून लिहिलं आणि लिहून झाल्यावर माझेच हात मला परके वाटले.

शाशाला नेलं त्याच दिवसांत आईचेही डोळे पिवळे झाले होते. तिनं ते आम्हांला कळू दिलं नाही. खिडकीकडं पाठ करून बसायची. आपलं शौचाचं भांडं पहाटे स्वतः उचलून नेऊन धुवायची, मला हात लावू द्यायची नाही. "पाय मोकळे होतात," म्हणायची. मला वाटलं, पोरीच्या काळजीनं वाळत चालली आहे. खरं म्हणजे मला संशय होता. मी विचारलं नाही, कारण विचारलं तर ती सांगेल याची मला भीती वाटत होती. एक दिवस ती भाजी निवडता निवडता बसल्या जागी कलंडली. मी तिचं तोंड उजेडाकडं वळवलं. आई म्हणाली, "बघतेस काय? लोक पिवळे होतात, मी सोन्याची झालेय." आणि मग माझं मनगट धरून म्हणाली, "तुझ्या ताईला लिहायचं नाही. पोर तिथून बाहेर येईपर्यंत एक अक्षर नाही. एका पत्रात दोन बातम्या कुणी सोसत नाही."

डॉक्टर म्हणाले, यकृत आधीपासूनच खराब असावं, त्यात हे आलं. इथल्या कुठल्याच दवाखान्यात जागा नव्हती. नदीपलीकडं, पुदोंगात, धक्क्याजवळच्या एका गोदामात मोठ्या माणसांसाठी खाटा मांडल्या होत्या, तिथं एक रिकामी झाली होती. कशी रिकामी झाली ते आम्ही विचारलं नाही.

बाओकांगनं धक्क्यावरून माल वाहायची तीनचाकी सायकल आणली. त्यावर गादी टाकून आईला निजवलं, मी कडेला बसले. तुला तर माहीतच आहे, दोन वर्षांपूर्वी त्याला पलीकडं दोन खोल्यांचं घर मिळत होतं तेव्हा आईनं काय थैमान घातलं होतं. पुदोंगातल्या घरापेक्षा इकडची एक खाट बरी, मेले तरी नदी ओलांडणार नाही म्हणाली होती. आता गादीवरून त्याला म्हणाली, "शेवटी नेलंसच ना मला पलीकडं?"

बाओकांग पायडल मारत मागं न बघता म्हणाला, "दाखवून परत आणतो, आई. तिकडं घर घेतलेलं नाही अजून."

"सुबेइवाल्यांवर विश्वास ठेवायचा नसतो," आई म्हणाली. त्याला बोललेलं ते तिचं शेवटचं. तो अजून कधीतरी एकटाच ते वाक्य म्हणतो.

नावेवर चढलो तेव्हा थोडं धुकं होतं. मध्यावर गेलो आणि ते दाटलं. इंजिन मंद झालं आणि मग नाव थांबलीच. पुढचं नाही, मागचं नाही, खाली पाणीसुद्धा दिसेना. चारी बाजूंनी जहाजांचे भोंगे वाजत होते, कुठलं जवळ, कुठलं लांब काही समजेना. एक भोंगा तर असा वाजला की पायाखालच्या फळ्या थरथरल्या. नावेवर माणसं दाटीवाटीनं उभी होती. कुणाचं तरी लक्ष आईच्या चेहऱ्याकडं गेलं. कुणी ओरडलं नाही. नुसते सरकत गेले. त्या गर्दीत आमच्याभोवती एवढी मोकळी जागा झाली की एखाद्याला तिथं अंग टाकून निजता आलं असतं. धुक्यात, पाण्यावर, शंभर माणसांत आम्ही तिघंच. एखादं जहाज येऊन आदळावं आणि सगळ्यांचं एकदमच व्हावं, असं एक क्षणभर मला वाटलं. इतकी मी भ्याले होते.

तेवढ्यात आईनं डोळे उघडले आणि माझा हात चाचपत तुझं नाव घेतलं.

"रुइझेन? आलीस?"

"आई, मी पेइफन."

तिनं ऐकलंच नाही. "किती वाळलीस गं. तिकडं वारा फार ना?"

मी बाओकांगकडं बघितलं. तो हळूच म्हणाला, "हो म्हण."

"हो आई," मी म्हणाले. "वारा फार."

"गाडीत बसायला जागा मिळाली?"

"मिळाली. खिडकीशी."

"पोर कुठाय?"

"शाळेत."

"हुशार आहे. जिभेला धार आहे, माझ्यावर गेली." ती थोडी हसली. मग डोळे मिटले. मला वाटलं डोळा लागला. भोंगे चालूच होते. मग एकदम स्वच्छ आवाजात म्हणाली, "तिकडं धाडलेली पोरं परत यायला लागली, त्या वर्षी तू परत येते म्हणून लिहिलं होतंस. मी लिहिलं, घरात चटई टाकायला जागा नाही. जागा होती गं. टेबल काढलं असतं तर होती."

 मी तिचे हात चोळत राहिले.

"रागावलीस माझ्यावर?"

मी तिचं पांघरूण वर ओढलं. तिनं पुन्हा विचारलं. लहान मूल विचारतं तसं, तोंड वर करून. "सांग ना. रागावलीस?"

"नाही, आई," मी म्हणाले. "कधीच नाही."

तिनं मान हलवली आणि डोळे मिटले. बाओकांग कठड्याला धरून पाण्याकडं तोंड करून उभा होता. धुकं उठायला किती वेळ लागला मला सांगता येणार नाही. पलीकडच्या धक्क्याला लागलो तेव्हा माणसं आमच्याकडं न बघता भराभर उतरून गेली. आईला आत घेतलं. आम्हांला दाराशी थांबवलं. त्यानंतर ती कुणाशी बोलली नाही. दोन दिवसांनी त्या दाराशीच आम्हांला सांगितलं.

अंत्यसंस्काराला आम्ही दोघंच होतो. जास्त माणसांना परवानगी नव्हती आणि असती तरी कोण आलं असतं? घरी आलो तर दारात झाकलेलं एक भांडं ठेवलं होतं. आत गरम पेज होती. भांडं पांगकाकूंचं होतं. मी जिन्यातून खाली बघितलं, पण त्यांचं दार लावलेलं होतं.

तुला का कळवलं नाही? आईनं मना केलं होतं हे खरं. पण ती गेल्यावर मना करणारं कोण होतं? तू निघशील, वाटेत तुला कुठं अडवतील, इथं येऊन तूही पिवळी पडशील, मग मी शाशाला काय सांगू, असलं सगळं मनात यायचं. आणि एक भीती याहून वेगळी होती. त्या शिंपल्या मीही खाल्ल्या होत्या. पोर पडली, आई गेली आणि मला काहीच झालं नाही. तू माझ्याकडं बघशील तेव्हा तुझ्या मनात हेच येईल, असं वाटायचं.

शाशापासूनही लपवलं. दंडावर सुतकाची काळी फीत लावून हिंडत होते, पण शाळेच्या कोपऱ्यावर आले की ती काढून खिशात घालायची. आजी कुठं आहे असं तिनं खिडकीतून विचारलं की मी ओरडून सांगायची, "सर्दी झालीय! घरी निजलीय!" एकदा पाऊस होता, मी घाईत होते. रस्त्याच्या पलीकडं उभं राहून हात हलवला. तिनं हलवला नाही. काचेपलीकडून तिनं एक बोट आपल्या दंडाला लावलं. मी खाली बघितलं, तर फीत तशीच होती.

मी तिथं उभी राहिले, ताई. मला पळून जावंसं वाटलं. तिनं काचेला कपाळ टेकलं आणि माझ्याकडं बघत राहिली. मीही बघत राहिले. मध्ये रस्ता होता, पाऊस होता, फाटकावर पहारा होता. दोघींपैकी कुणी ओरडलं नाही. शेवटी नर्सनं तिला खांद्याला धरून आत नेलं.

घरी आल्यावर तिनं एवढंच विचारलं, "माझ्या आईला सांगितलंस?" मी मानेनंच नाही म्हटलं. तेव्हापासून ती मला ते रोज विचारते. आज म्हणाली, "तू घाबरत असशील तर मी लिहिते." म्हणून बसले.

आता कावीळ ओसरली आहे. बसमध्ये लोक पुन्हा दांडी धरतात. शाळा सुरू झाली आहे, शाशा पुढच्या महिन्यात जाईल. आईची रक्षा अजून स्मशानातच ठेवलेली आहे. चिंगमिंगच्या, पितरांच्या सणाच्या सुमारास सुचोला बाबांच्या शेजारी ठेवावी असं बाओकांग म्हणतो. मी त्याला म्हटलं, ताई आल्याशिवाय नाही. उशीर झाला तरी चालेल.

तर ये. या वेळी मी येऊ नकोस म्हणत नाही.

आणि एक राहिलं, ते लिहायचा धीर व्हावा म्हणून इतकं सगळं लिहीत आले. नावेवर आईनं तुला विचारलं होतं, मला नाही. उत्तर मी देऊन टाकलं. ते खरं होतं का हे मला ठाऊक नाही. एवढ्या वर्षांत मी तुला कधी विचारलं नव्हतं, आणि घरातल्या एका मुलाला तिकडं पाठवावंच लागायचं तेव्हा तू गेलीस म्हणून मला इथं राहता आलं, कारखान्यात काम मिळालं, हे मात्र मला पहिल्यापासून ठाऊक होतं. ते उत्तर खोटं असेल तर मला सांग. इथं येऊन माझ्यावर रागाव, हवं तितके दिवस रागाव, मी ऐकून घेईन. पण आईपाशी ते तसंच असू दे.

तुझ्या नावानं 'नाही' म्हणालेली,
तुझी धाकटी,
पेइफन